आमच्या ह्यांचा सरदार

लोकांना रिटायर झाल्यावर बीपी लागतं, शुगर लागते. आमच्या ह्यांना पूर्वज लागले.

पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आमचे उदाराम रहांगडाले. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पोचेल, हे बत्तीस वर्षं सांगितलं. दोन हजार तीन साली खात्यानं हार घातला, नारळ दिला आणि माणूस माझ्या गळ्यात टाकला. पंधरा दिवस नुसते माझ्या मागे मागे. चुलीत लाकडं दोन काऊन घातली, मोरीचं पाणी उताराच्या उलट काऊन जाते, वरणाला इतका वेळ कायले लागते! शेवटी मी हात जोडले. "रविताचे बाबा, मले माह्यं काम करू द्या. तुमी एखादा शौक लावून घ्या जी."

बोलले आणि फसले.

आम्ही पवार लोक माळव्यातून आलो, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला घुटीसोबत पाजतात. पण आपल्या घरचा नेमका कोण आला, कसा आला, हे कोणी विचारत नाही. ह्यांनी विचारायला घेतलं. नकाशाचे मोठे कागद पलंगावर पसरले आणि खानदान काढायला लागले, हुबेहूब कालव्यासारखं. वर धरण, म्हणजे मूळपुरुष. खाली मुख्य कालवा, म्हणजे थोरली पाती. मग वितरिका, मग पाटचाऱ्या. ज्याला पोरगा नाही त्याच्यापुढे लाल आडवी रेघ, पाणी बंद. नकाशात बाईमाणूस एकही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बाई दुसऱ्याच्या कालव्यात जाते ना वो." मी म्हटलं, बरं बाप्पा.

मग बालाघाटकडून एक भाट शोधून आणला. ह्या लोकांजवळ पिढ्यान् पिढ्यांच्या पोथ्या असतात, खरं आहे. पण पोथी तोच वाचणार आणि जेवायला तो आमच्याकडेच. पहिल्या दिवशी मी वरण-भात वाढला, तेव्हा आमचा मूळपुरुष भिकमसिंह माळव्यातून पायी आला होता. दुसऱ्या दिवशी खीर केली, तर तो घोड्यावर बसला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी भाटाला शाल पांघरली, तेव्हा घोडा पांढरा झाला आणि भिकमसिंहाचा सरदार झाला. मी मधूनच म्हटलं, "आज पुरनपोळी करू का जी? राजा होऊन जाईल." चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात काय शांतता होती, काय सांगू!

पण एक अडचण होती. वरून सरदारापासून फत्तूजी रहांगडाल्यापर्यंत कालवा वाहत यायचा. खालून आम्ही: हे, ह्यांचे वडील शिवलाल, आजोबा भैय्यालाल आणि पणजोबा दुलीचंद. दुलीचंदाच्या वर मात्र दीड इंच कोरडं. दुलीचंद हा फत्तूजीचा मुलगा, असा एक कागद हवा होता. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून तुटलेला, म्हणून काही जुने कागद इकडे, काही तिकडे. हे दोन्हीकडे डबा घेऊन जायचे. जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकाच्या नकला आणल्या, जमीन बंदोबस्ताच्या जुन्या फायली, मिसली, पाहिल्या, डोळ्यांचा नंबर वाढला. पाच वर्षं गेली. दीड इंच काही भरेना.

आता खरं सांगते. तो कागद कधीच सापडणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पित्रांच्या अमावास्येला आमच्या घरी दोन पानं मांडतात. एक देवघरात, घरच्या पित्रांचं. दुसरं मागच्या दारी, पूर्वेकडे तोंड करून. पुरुष देवघरात हात जोडतात आणि जेवायला बसतात; मागच्या दारी फक्त घरची सून जाते. लग्नानंतरच्या पहिल्याच अमावास्येला माझ्या सासूनं, शामकलाबाईनं, मला मागच्या दारी नेलं आणि कानात सांगितलं. फत्तूजीला पोरगा नव्हताच. एकुलती एक पोरगी, गेंदाबाई. तिच्यासाठी सालेकश्याकडचा दुलीचंद बोपचे घरजावई म्हणून आणला. आला तो ह्याच घरचं नाव लावून राहिला. पण त्याच्या मायबापाचं पान कोण वाढणार? म्हणून गेंदाबाईनं मागच्या दारी दुसरं पान सुरू केलं. तिनं आपल्या सुनेला सांगितलं, तिनं माझ्या सासूला, सासूनं मला. वर ताकीद दिली, "मानसाइले सांगू नको. घरजावयाची औलाद म्हनलं का त्याइच्या नाकाले मिरची झोंबते."

मी कशाला सांगते? माणूस सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी दमून येतो, चुलीतल्या लाकडांबद्दल अक्षर बोलत नाही. असं सुख कोणी आपल्या हातानं मोडतं का?

आणि दोन हजार आठच्या उन्हाळ्यात माझंच सुख माझ्या पायात आलं.

आमची रविता सालेकश्याला शाळेत मास्तरीण. सत्तावीस वर्षांची झाली, आलेलं प्रत्येक स्थळ नाकारायची. एक दिवस मोहफुलं निवडता निवडता म्हणाली, "माय, मी एक मुलगा पाहून ठेवला आहे. तिथल्या स्टेशनवर सहायक स्टेशन मास्तर आहे. आपल्यातलाच आहे."

"मंग रडून काऊन राहिली?"

"दुर्गेश रहांगडाले," ती म्हणाली.

माझ्या हातातली फुलं हातातच राहिली. एका कुळात आमच्याकडे सोयरीक होत नाही. एक कुळ म्हणजे बहीण-भाऊ, संपला विषय. तरी पोरगा हिमतीचा, म्हणाला मी स्वतः येऊन विचारतो. इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन आला बिचारा. ह्यांनी नाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं आणि ह्यांचे डोळेच चमकले. "बसा, बसा!" म्हणून नकाशा पसरला. तीन तास! पोरगा घाम पुसतो आहे, हे पाटचाऱ्या मोजत आहेत. शेवटी टाळी वाजवली. "सापडलं! फत्तूजीच्या भावाची पाती. तू माह्या पिढीतला निघाला रे. म्हंजे नात्यानं तू रविताचा काका!"

मागायला आला होता पोरीचा हात, गेला पोरीचा काका होऊन. वर ह्यांनी त्याचेच पेढे त्याला भरवले आणि वंशावळीसाठी पासपोर्ट साइझ फोटो मागितला.

हसू येतं ना? मलाही आलं होतं. पण त्या रात्री रविता जेवली नाही. सकाळी बापासमोर उभी राहून म्हणाली, लग्न करीन तर दुर्गेशशी, नाहीतर कोर्टात जाऊन करीन. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "कर. मंग ह्या घराचा उंबरठा तुह्यासाठी नाही. तुह्या मायनंबी तुह्या घरी जायचं नाही." आणि आमचे हे बोललेलं फिरवत नाहीत, एकदा कालव्याचं दार बंद केलं की आमदार आला तरी उघडायचे नाहीत. माझी एकुलती एक पोर. मी त्या दिवशी मोरीत बसून पोट भरून रडले.

मग डोळे पुसले आणि डोकं चालवायला घेतलं.

कुळ बापाकडून चालतं; दुलीचंद बोपचे तर आम्हीही बोपचे, मग दुर्गेश काका कसला! पण ही दुसऱ्या पानाची गोष्ट ह्यांना तोंडानं सांगून उपयोग नव्हता. म्हणाले असते, बायकांच्या गोष्टी, कागद आन. आणि पोरीचं लग्न अडलं म्हणून मायनं गोष्ट रचली, हेही म्हणाले असते. ह्यांना फक्त तेच खरं वाटतं, जे ह्यांनी स्वतः शोधलं. मी रविताला मागच्या दारी नेलं आणि सासूनं मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. सुनेलाच सांगायचं असतं, पण मला सून कुठे आहे? पोरीचं तोंड उघडंच राहिलं. "माय, तू इतकी वर्षं चूप होती?" म्हटलं, ते जाऊ दे, सालेकश्याकडची बोपच्याइची घरं शोध.

पोरगी माझीच. तीन आठवड्यांत घर शोधलं. त्या घरात सुलोचनाबाई बोपचे नावाची ऐंशीची म्हातारी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. रवितानं गोष्ट सांगितली तशी म्हातारीनं पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला. दुलीचंदानं घर सोडताना लिहून दिलेला. "दर दिवाळीले झटकून ठेवतो," म्हणाली, "पन कायचा हाय ते घरातल्या पोट्ट्याइले पुसाची फुरसत नाई." ती कटात आनंदानं आली. म्हणाली, कितीक वर्षांत असा मजा नाही भेटला.

राहिलं ह्यांना तिथे न्यायचं. तर धानाची कापणी उरकल्यावर एक दिवस ताटात भाजी वाढता वाढता मी सहज सासूचं नाव घेऊन म्हटलं, "मामींजी सांगत होत्या, आपल्या सरदाराची तलवार लग्नाच्या आंदनात सालेकश्याकडं बोपच्याइच्या घरी गेली म्हने."

ह्यांनी घास परत ताटात ठेवला. "आनि हे तू मले आता सांगून राहिली?"

"मी बाईमानूस. मले काय समजते तुमच्या सरदारातलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिरोड्याहून गोंदिया आणि गोंदियाहून सालेकश्याच्या गाडीत. ह्यांनी तलवार गुंडाळायला नवी चादर घेतली होती.

बोपच्यांच्या ओसरीत वीसेक माणसं जमली होती. ह्यांनी चहा बशीत ओतला, घसा खाकरला आणि तलवारीचा विषय काढला. सुलोचनाबाई म्हणाली, "तलवार? कायची तलवार रे बापू? आमच्या घरी विळा आहे." मी पदर तोंडाला लावला. "पन जुना कागद आहे एक. तू शिकलेला दिसते. वाचून दाखव बरं आमाले."

जुना कागद म्हटल्यावर हे तलवार विसरले. चष्मा चढवला आणि पंचनामा वाचावा तशा खणखणीत आवाजात सुरू झाले. "सन अठराशे शहाण्णव. लिहून देणार दुलीचंद, बापाचे नाव सुखराम बोपचे... अरे वा, दुलीचंद! नावाचा योगायोग पहा... राजीखुशीनं लिहून देतो की, मी फत्तू रहांगडाले यांची एकुलती मुलगी गेंदा हिच्याशी लगन करून..."

इथे आवाज थोडा खाली आला.

"...त्यांचे घरी घरजावई राहण्यास जात आहे. बापाच्या शेतीतला माझा वाटा भावास सोडला. यापुढे..."

ह्यांनी कागद मांडीवर ठेवला. मी कितीतरी दिवस ह्या घडीची वाट पाहिली होती, मनातल्या मनात हसून घेतलं होतं. आणि घडी आली तेव्हा ह्यांचं तोंड पाहून ते हसू गेलं. पाच वर्षं उन्हातान्हात फिरलेला माणूस, हाताला कागद लागला तोही असा. त्यांचा अंगठा कागदावरच्या दुलीचंदाच्या अंगठ्याशेजारी टेकलेला होता.

सुलोचनाबाई काठी टेकत उठली. दोन्ही हातांनी ह्यांचं तोंड धरलं. "म्हंजे तू आमच्या घरचा निघाला रे! गेलेला मानूस परत आला. जेवल्याशिवाय जाऊ नको." आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. हे चादर काखेत मारून मुकाट मागे गेले.

परतीच्या गाडीत आमगाव आलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "तुले माहीत होतं."

"होव."

"कवापासून?"

"लग्नाच्या पहिल्या अमोशेपासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"बालाघाटाच्या भाटाले इचारलं, भंडाऱ्याच्या बाबूले इचारलं. मले कवा इचारलं तुमी?"

ह्यांनी काखेतली नवी चादर उलगडली आणि परत घडी घातली.

मी त्यानंतर काही बोलले नाही. म्हातारीनंही ह्यांना सांगून ठेवलं होतं, कागद माझ्या पेटीत आहे, तुला वाटलं तर काढ, नाही वाटलं तर राहू दे. आता सगळं ह्यांच्यावर. कारण वंशावळीचा फ्लेक्स छापून आला होता, वसंत पंचमीच्या समाज मेळाव्यात लावायला. वीस फूट. दीड इंचाच्या कोरड्या जागी ह्यांनी आपल्या मनानं रेघ ओढून टाकली होती. आणि वर पांढऱ्या घोड्यावर सरदार भिकमसिंह. सरदाराचा फोटो कुठून मिळणार, म्हणून गोंदियाच्या पोरानं कॉम्प्युटरवर ह्यांचाच चेहरा लावून दिला होता, पगडी आणि मिशा चढवून. खरं सांगू, शोभत होते.

चौथ्या दिवशी हे पेन घेऊन फ्लेक्ससमोर बसले. फत्तूजीच्या खाली, सुंदर वळणदार अक्षरात, पहिल्यांदा एका बाईचं नाव लिहिलं: गेंदाबाई. तिच्यापासून खाली दुलीचंदाच्या मुलापर्यंत रेघ ओढली. आणि माझ्याकडे वळले, डोळ्यांत परत ती चमक. "पाह्य! बाईकडून का होईना, पानी सरदाराचंच आहे. सरदार कुठी जात नाई!"

मला आनंद झाला, गेंदाबाईसाठी. पण मी माय आहे. म्हटलं, "बरोबर आहे जी. पानी सरदाराचंच आहे. म्हंजे दुर्गेश रविताचा काकाच राह्यला."

हिशेब ह्यांचाच होता, त्याला तोड नव्हती. घोडा ठेवायचा तर जावई जातो. जावई आणायचा तर घोडा जातो.

दिवसभर ओसरीत बसून राहिले. दुपारी चहा दिला तो तसाच गार झाला. चार वाजता रविताचा फोन आला, नेहमीसारखा माझ्यासाठी. जूनपासून ती बापाशी बोलत नव्हती. हे फोन माझ्या हातात देता देता थांबले, कानाला लावला आणि नुसतं "जेवली का वो?" म्हणाले. तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे. फोन मला दिला, आत गेले आणि माझी शिवणाची कैची घेऊन आले.

फत्तूजीच्या खालून कापायला सुरुवात केली. वरचे बारा फूट कापले, सरदार, घोडा, पगडी, मिशा आणि आपलं स्वतःचं तोंड. गेंदाबाईचं नाव असलेला तुकडा तेवढा हलक्या हातानं सोडवून घेतला आणि दुलीचंदाच्या बाजूला चिकटवला, नवराबायको शेजारी शेजारी. त्यांच्यावर लिहिलं: सुखराम बोपचे, शेतकरी, सालेकश्याकडून आले. जरा विचार केला आणि पुढे लिहिलं: पायी.

सरदार धानाच्या पुंजण्यावर, म्हणजे कापलेल्या धानाच्या ढिगावर, झाकण म्हणून गेला. त्या साली अवकाळी पाऊस झाला, पण धानाला थेंब लागला नाही. गावातली माणसं विचारायची, उदारामभाऊ, पुंजण्यावर तुम्ही काऊन झोपले आहात?

मेळाव्यात हे आठ फुटांचीच वंशावळ घेऊन गेले. लोक हसले. घरजावयाची औलाद, असंही एकजण मागून म्हणाला. ह्यांनी समाजाच्या पंचांना म्हातारीकडून आणलेल्या कागदाची झेरॉक्स दाखवली, दोनदा वाचून दाखवली आणि सोयरीक ठरवून आले. घरी येऊन मात्र पाणी मागितलं आणि बराच वेळ पायरीवर बसले. मी बाजूला बसले. चुलीत लाकडं किती आहेत, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

एप्रिलात लग्न लागलं. मांडवात पाचशे माणूस. बोपच्यांकडून ट्रॅक्टर भरून लोक आले, सुलोचनाबाई पुढच्या खुर्चीवर. महाराजांनी नवरा-नवरीची कुळं माईकवर सांगायला घेतली. आधी दुर्गेशचं, रहांगडाले. मग रविताचं. आणि जुन्या सवयीनं महाराज तिथेही म्हणून गेले, रहांगडाले कुळातील कन्या.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या हातातल्या अक्षता ओल्या झाल्या. पोरीनं मान खाली घातली होती ती वर करेना.

हे उठले. धोतराचा सोगा सावरत महाराजांजवळ गेले आणि माईक हातात घेतला. मला वाटलं, आता वंशावळ सुरू होते. पण ह्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं महाराज," म्हणाले. "बोपचे म्हना. पोरगी बोपच्याइची आहे. मी उदाराम, दुलीचंद बोपचे आनि गेंदाबाईचा पनतू." आवाज सगळ्या मांडवात गेला. घरजावयाचा पणतू, हे मागून म्हणणाऱ्यांनाही नीट ऐकू गेलं.

महाराजांनी परत पहिल्यापासून म्हटलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. बायका पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, पोरगी काही लांब नाही चालली, सालेकसा तर आहे. मी मान हलवली. त्यांना कुठे सांगू, की मी पोरीसाठी नाही, नवऱ्यासाठी रडते आहे.